घरच्या दप्तराची राखण

वाळवीने अर्धेअधिक खाल्लेल्या आमच्या घराण्याच्या मोडी कागदांच्या, म्हणजे सनदा, वाटणीपत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्या, प्रतिमा माझ्या थोरल्या बंधूंनी निवृत्तीनंतर मोठ्या निष्ठेने तयार करून एका व्यापारी क्लाउडच्या हवाली केल्या होत्या; आणि अस्सल कागद झिजत चालल्यामुळे त्या नकलांनाच अस्सलाचे मोल आले होते. बंधू निवर्तल्यावर त्यांचा मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला, खाते उघडण्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर जाणारा होता, मृत्यूचा दाखला जोडून केलेल्या अर्जांना ठरीव मजकुराची उत्तरे आली, आणि पुढे दीर्घकाळ वापर नाही या सबबीवर ते खाते आतील सर्व दप्तरासह रद्द झाले. कबुलायतीबाहेरचे असे त्या कंपनीने काहीच केले नव्हते, आणि म्हणूनच ही हकिकत इतरांच्या कानी घालणे मला अगत्याचे वाटते. काही सेवांत खातेदाराला हयातीतच वारस नेमता येतो. ॲपलने ही सोय २०२१ साली दिली. ज्यांचे कोठे खाते आहे त्यांनी ही तजवीज आजच करावी.

उरलेल्या कागदांच्या प्रतिमा पुन्हा काढल्यावर त्या स्वतःच्या ताब्यात कशा राखाव्यात, याचा शोध सुरू झाला. ओनक्लाउडमधून २०१६ साली वेगळी झालेली नेक्स्टक्लाउड ही मुक्त प्रणाली जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायसारख्या लहान यंत्रावरही चालते आणि फायली, दिनदर्शिका व संपर्क घरच्याच डिस्कवर ठेवते. मात्र तिची अद्यतने वेळच्या वेळी बसविण्याचा भार आपल्यावर येतो. शिवाय आपल्याकडील अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसल्याने बाहेरगावाहून घरचे यंत्र गाठता येत नाही. अशा वेळी टेलस्केलसारखी खासगी जोडणी घ्यावी. राउटरचे पोर्ट जगासाठी उघडे टाकण्याच्या भरीस सामान्य गृहस्थाने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना हा व्याप नको, त्यांना सिंकथिंग पुरेसे आहे: त्यात फायली एका यंत्रावरून दुसऱ्यावर कूटबद्ध होऊन थेट जातात, मध्ये कोणाच्याही कोठारात त्यांचा मुक्काम पडत नाही.

परंतु सिंक म्हणजे बॅकअप, ही समजूत सुशिक्षितांतही इतकी रूढ आहे की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पुण्याच्या लॅपटॉपवर कोणी एखादा फोल्डर अजाणता पुसला, की नाशिकच्या संगणकावरूनही तो त्याच तत्परतेने नाहीसा होतो; जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सिंकथिंगमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटविणाऱ्या रेडचीही तीच गत: एक डिस्क निकामी झाली तर तो तारतो, पण चूक, चोरी, वीज किंवा खंडणीखोर व्हायरस यांपुढे त्याचा इलाज चालत नाही. तेव्हा रेस्टिक किंवा बोर्ग यांसारख्या साधनांनी तारीखवार, कूटबद्ध प्रती घ्याव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी ठेवावी. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथील ओव्हीएचक्लाउडचे संगणककेंद्र १० मार्च २०२१ रोजी आगीत जळाले, तेव्हा ज्या ग्राहकांची प्रत अन्यत्र नव्हती त्यांचा विदा कायमचा गेला. घराला हा न्याय अधिकच लागू आहे. अशी कूटबद्ध प्रत व्यापारी क्लाउडवर ठेवण्यासही माझी हरकत नाही, कारण किल्ली आपल्याकडे असते आणि खाते रद्द झाले तरी घरची प्रत शाबूत राहते. मात्र तो परवलीचा शब्द हरवला, तर साधनाच्या कर्त्यांनाही तो साठा उघडता येत नाही. म्हणून तो कागदावर लिहून मृत्युपत्रासोबत लखोट्यात ठेवावा.

राहता राहिली रुजुवात. प्रत्येक फायलीचा शा-२५६ अंक नोंदवून आम्ही एक फेरिस्त केली आहे, आणि गणेशचतुर्थीला मंडळी जमली की भाचा एका निराळ्याच संगणकावर प्रतीतून काही कागद उतरवून त्यांचे अंक फेरिस्तीशी ताडून पाहतो. न जुळणारी फाइल त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या प्रतीतून मागवून घेतो.