डोंगल चालत नाही? जुगाड करायचा की ड्रायव्हर सुधारायचा?

लिनक्सवर स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावला, तो यादीत दिसतो पण चालू काही होत नाही, हा अनुभव हॉस्टेलमध्ये नवा नाही. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे बीटीयूएसबी हे मॉड्यूल काढायचं, परत घालायचं आणि या दोन कमांड स्क्रिप्टमध्ये टाकून मोकळं व्हायचं. कधी कधी कामही होतं. पण का होतं? मॉड्यूल पुन्हा घातलं की ड्रायव्हर चिपशी बोलणं पहिल्यापासून सुरू करतो, एवढंच. अडकण्याचं मूळ कारण जागच्या जागी राहतं आणि नेमकं वायव्हाच्या दिवशी डोकं वर काढतं.

आता ते कारण बघू. यूएसबी उपकरण आपली ओळख दोन क्रमांकांनी सांगतं, एक कंपनीचा आणि एक मालाचा. ०ए१२ आणि ०००१ ही जोडी केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, म्हणजे सीएसआर, या ब्रिटिश कंपनीची. (२०१५ मध्ये ती क्वालकॉमने विकत घेतली.) बाजारातले कितीतरी नकली डोंगल हीच जोडी सांगतात. ड्रायव्हर बिचारा विश्वास ठेवतो! सुरुवातीला कर्नल चिपला एकामागून एक आज्ञा देतो. नकली चिप 'मला ही आज्ञा येते' असं आधी सांगते आणि प्रत्यक्ष वेळ आली की एरर देते; काही तर चक्क गप्प बसतात. मग ब्लूटूथ उभंच राहत नाही.

इथे वाद सुरू होतो. कोणी म्हणतं, ती आज्ञाच ड्रायव्हरमधून काढून टाका. पण मग अस्सल डोंगलवाल्याची सोय का काढायची? दुसरे म्हणतात, नकली मालासाठी कर्नल कशाला बिघडवायचा? हे ऐकायला बरं वाटतं, पण घेणाऱ्याला माल नकली आहे हे दुकानात कुठे कळतं?

२०२० च्या सुमारास लिनक्समध्ये जो मार्ग निघाला तो मला पटतो. ड्रायव्हर चिपला तिची आवृत्ती विचारतो. अस्सल सीएसआर चिप निर्मात्याचा क्रमांक १० सांगते. नकली चिपने हाही क्रमांक चोरला असेल, तर पुढची खूण आहे: बिल्ड क्रमांक ब्लूटूथ १.१ च्या जमान्यातला आणि दावा मात्र ४.० चा! ओळखपत्र चोरलं, पण जन्मतारीख जुळवायची राहिली. अशी चिप सापडली की फक्त तिच्यापुरत्या त्या त्रासदायक आज्ञा वगळल्या जातात. काही चिपा तर क्षणभर झोपवून उठवल्याशिवाय ताळ्यावर येत नाहीत. तीही तजवीज त्यात आहे.

हाही जुगाडच, नाही का? आहेच. पण तो कोणत्या चिपसाठी आणि कशासाठी, हे कोडमध्येच लिहिलेलं आहे. चिप ओळखण्याची अट चुकली तर ती दुसरा कोणीही वाचून सुधारू शकतो. आपल्या स्क्रिप्टला तर कोणाचा डोंगल लावलाय हेही माहीत नसतं.

ओपनबीएसडीवाल्यांनी तिसरीच वाट धरली. नीट न चालणारा ब्लूटूथचा कोड त्यांनी २०१४ मध्ये सरळ काढून टाकला. तिथे ज्यांना ब्लूटूथ हेडफोन हवा असतो, ते संगणकाला साधं यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसणारा आणि ब्लूटूथचं सगळं काम पोटातच उरकणारा डोंगल लावतात. कर्नलला पत्ताच नाही! आवाजापुरतं हे छान, पण माऊस किंवा प्रोजेक्टमधला सेन्सर जोडायचा तर त्याचा उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी डोंगल लावून डीमेसेज ही कमांड एकदा चालवा. डोंगल सीएसआरची नक्कल आहे आणि त्यासाठी खास उपाय लावतोय, असं ड्रायव्हर तिथे स्वतःच सांगून जातो.