‘लोडेड फॉर बेअर’ म्हणजे काय?

परवा गुरुजींनी इंग्रजीच्या तासाला एक नवा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला, ‘लोडेड फॉर बेअर’. शब्दशः अर्थ, अस्वलासाठी भरलेली बंदूक. ऐकून सगळा वर्ग हसला. मग गुरुजींनी त्यामागची हकिकत सांगितली.

हा वाक्प्रचार अमेरिकेतला. तिथे पूर्वी शिकारी लोक ठासणीची बंदूक वापरीत. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची. एक बार झाला की पुन्हा हे सगळे पहिल्यापासून! खार किंवा पक्षी मारायचा तर थोडी दारू आणि बारीक छर्रे पुरत. पण तिथले ग्रिझली अस्वल दोनशे किलोहूनही भारी असते. त्याला छर्ऱ्यांनी काय होणार? उलट ते चवताळून अंगावर येणार. म्हणून रानात अस्वल असेल तर शिकारी निघतानाच जास्त दारू आणि मोठी गोळी भरून घेई.

त्यावरून अर्थ झाला, मोठ्या सामन्यासाठी जय्यत तयारीत असणे. उदाहरणार्थ, ‘शी केम टु द मीटिंग लोडेड फॉर बेअर.’ म्हणजे ती बाई सभेला सगळे मुद्दे घेऊन, वेळ पडली तर भांडायच्याही तयारीने आली. लक्षात ठेवा, इथे ‘बेअर’च्या आधी ‘अ’ लावत नाहीत.

मी वहीत वाक्य केले, ‘माझी आई लोडेड फॉर बेअर होऊन मामाच्या लग्नाला गेली.’ गुरुजी हसून म्हणाले, “अरे, आई लग्नाला गेली की लढाईला?” तेव्हा कळले की या शब्दांत सामन्याचा, वादाचा वास आहे. आपल्याकडचे ‘बाह्या सरसावणे’ त्याच्या जवळचे. नुसत्या तयारीला ते वापरू नये.

घरी आजोबांना हे सांगितले. ते लगेच म्हणाले, “त्यात नवीन काय? सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असं आपल्याकडं म्हणतातच की!” मला फार नवल वाटले. तिकडे अस्वल, इकडे वाघ, पण शहाणपण एकच.

मित्रांनो, अस्वल समोर आल्यावर ठासणीची बंदूक भरता येत नाही. परीक्षेचेही तसेच आहे. पेपर हातात पडल्यावर पाढे पाठ होत नाहीत!