पाय सोडविण्याची विद्या

इसवी सन २०२६ च्या जानेवारींत ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल-शर्यत आपल्या जिल्ह्यांत झाली आणि तिचा एक टप्पा पुरंदरकडून बारामतीस येऊन संपला. अशा शर्यतींतील स्वारांचे पाय पायडलांस जणूं खिळलेले असतात. तें पाहून सोमेश्वरनगरच्या मुलांनींही तसल्याच पायडलांचा हट्ट धरावा, यांत नवल नाहीं. म्हणून या साधनाची रचना कशी असते, त्याचा खरा उपयोग किती आणि तें वापरण्यापूर्वीं काय शिकावें लागतें, याचा येथें थोडा विचार करूं.

या पायडलांस ‘क्लिपलेस’, म्हणजे बिनक्लिपचीं, असें म्हणतात. पाय तर त्यांत घट्ट अडकतो. मग हें नांव कसें पडलें? पूर्वीं शर्यतीच्या सायकलीस पायाचा चवडा अडकविण्यासाठीं धातूची चौकट व चामड्याचा पट्टा असे. त्या चौकटीस क्लिप म्हणत. उतरण्यापूर्वीं वांकून हातानें पट्टा सैल करावा लागे. नव्या पायडलांत ती चौकट नाहीं, म्हणून तीं बिनक्लिपचीं.

यांत बुटाच्या तळास क्लीट नांवाचा तुकडा तीन स्क्रूंनीं बसविलेला असतो. त्याचें टोंक पायडलाच्या पुढील खोबणींत घालून पाय खालीं दाबला, कीं मागचा स्प्रिंगचा खटका ‘खट्’ असा बसतो. सोडवितांना मात्र पाय वर ओढून कांहींएक उपयोग होत नाहीं. टांच सायकलीपासून बाहेरच्या बाजूस वळवावी लागते.

अमेरिकेंतील चार्ल्स हॅन्सन यानें १८९५ सालींच अशा पायडलाची कल्पना मांडली होती. १९७१ सालीं इटलींतील चिनेली यानें एक पायडल काढलें. परंतु त्यांतून पाय सोडविण्यास हातानें खटका सरकवावा लागे, म्हणून तें फारसें चाललें नाहीं. पुढें १९८४ सालीं लुक या फ्रेंच कंपनीनें नवीन पायडल आणलें. ही कंपनी बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांचे खटके करीत असे. घसरणारा पडला, तर पाय मोडण्यापूर्वीं खटका सुटावा, अशी त्या खटक्यांची योजना असते. तीच युक्ति सायकलीस लावली गेली. १९८५ सालीं बर्नार इनो यानें हीं पायडलें वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. पाय बांधणें जुन्या पट्ट्यासही जमत होतें. हात न लावतां पाय सुटणें, ही या शोधाची खरी नवलाई होय.

आतां उपयोग पाहूं. पाय वर येतांनाही पायडल ओढतां येतें, म्हणून बळ दुप्पट होतें, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, मुद्दाम वर ओढणाऱ्याची शक्ति उलट अधिक खर्च होते. खरा लाभ निराळा आहे. खांचखळग्यांत व वेगांत पाय निसटत नाहीं. चवडा प्रत्येक वेळीं एकाच जागीं राहतो. मिनिटास नव्वद फेरे धरले, तर तासांत ५,४०० फेरे होतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली. एवढ्या लांबच्या प्रवासांत पायाची जागा किती महत्त्वाची, हें सांगावयास नको. मात्र क्लीट वांकडी बसली, तर तोच वांकडेपणा गुडघ्यास तासांत ५,४०० वेळां सोसावा लागतो. म्हणून क्लीट जाणत्याकडूनच बसवून घ्यावी आणि गुडघा दुखूं लागल्यास ती तत्काळ तपासावी.

शिकण्याचा क्रम असा असावा. प्रथम स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी करावा. सायकल भिंतीस टेकवून वर बसावें आणि एकेक पाय पन्नास-पन्नास वेळां अडकवून सोडवावा. नंतर मोकळ्या मैदानांत, मऊ जमिनीवर, हळूहळू चालवून तेंच करावें. थांबावयाचें ठिकाण दहा-पंधरा हात दूर असतांनाच डावें पायडल खालीं आणून डावी टांच बाहेर वळवावी, आणि सायकल थांबतांना डावीकडेच झुकावें. आपल्याकडे वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें डावा पाय कडेच्या बाजूस टेकतो. उजवीकडे तोल गेला, तर आपण मागून येणाऱ्या वाहनापुढें पडूं. नवशिके पडतात ते बहुधा वेगांत नव्हे, तर थांबतां थांबतां. कारण घाईंत पाय जुन्या संवयीनें वरच ओढला जातो.

आपल्या भागांत ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेविली पाहिजे. गळिताच्या हंगामांत नीरा-बारामती रस्त्यावर उंसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत चालतात, बैलगाड्याही असतात. अशा ट्रॉलीस चटकन थांबतां येत नाहीं. करंजेपुलाच्या चौकांत क्षणभर पाय अडकून राहिला, तर तो क्षण फार महाग पडेल. शिवाय शेतांतून आलेला काळा चिखल क्लीटमध्यें बसला, कीं खटका नीट बसत नाहीं व नीट सुटतही नाहीं. तो काढूनच पाय अडकवावा.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, शाळेस सायकलीनें येणाऱ्या मुलास साधें, रुंद, न घसरणारें पायडल पूर्णपणें पुरेसें आहे; त्यानें तो मागें पडत नाहीं. ज्यास शर्यतीचा खरा अभ्यास करावयाचा आहे, त्यास हीं पायडलें जरूर द्यावीं. परंतु रस्त्यावर सोडण्यापूर्वीं मैदानांत त्याची परीक्षा घ्यावी. तुम्ही अकस्मात् “थांब” म्हणावें आणि त्यानें खालीं न पाहतां डावा पाय मोकळा करून टेकवावा. सलग वीस वेळां हें साधलें, म्हणजे त्यास रस्त्यावर जाऊं द्यावें. एकदां जरी चुकलें, तरी मोजणी पुन्हां पहिल्यापासून करावी.