जंगल पेटवणारे राखणदार

प्रश्न : माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. मुलांना घेऊन ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचं काकाडू राष्ट्रीय उद्यान पाहून आली. ती सांगते, तिथे वनरक्षक स्वतःच जंगलाला आगी लावत फिरत होते! शिवाय हजारो वर्षांपूर्वीची चित्रं म्हणून जी दाखवतात, त्यांतल्या काहींवर गेल्या शतकात रंग चढवलेला आहे म्हणे. आपल्याकडे जंगलात विडी ओढली तरी वनखातं पकडतं आणि लेण्यातल्या चित्राला बोट लावलं तर पहारेकरी धावून येतो. मग हे जतन कसलं? आम्हीही यंदा नाताळच्या सुटीत जायचं म्हणतोय.
— एक वाचक, सातारा

उत्तर : बहिणीने सांगितलं ते दोन्ही बाबतींत खरं आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच. काकाडू हे माणसांना बाहेर काढून राखलेलं रान नव्हे. त्याला मालक आहेत आणि त्यांतले बरेच जण तिथेच राहतात. उत्तरेकडचे स्वतःला बिनिंज म्हणवतात, दक्षिणेकडचे मुंगुय. १९७९ साली उद्यान जाहीर झालं ते या मूळ रहिवाशांनी आपली जमीन सरकारला भाडेपट्ट्याने दिल्यावर. पुढे उद्यान टप्प्याटप्प्याने वाढलं आणि २०२२ मध्ये जवळजवळ निम्मा भाग नव्याने त्यांच्या नावावर झाला. कारभारी मंडळावर बहुमत त्यांचंच. पसारा जवळपास वीस हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या पाचपटीहून जास्त.

आता आगीचं. तिथला पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च. त्या काळात माळावरचं गवत माणसाच्या डोक्यावर जातं. हे गवत आपल्या ज्वारीच्याच कुळातलं. एप्रिलमध्ये जाता जाता शेवटची वादळं येतात, ते आडवं पाडतात, आणि मग ते वाळू लागतं. मे-जूनमध्ये जमिनीत ओल असते, रात्री दव पडतं. तेव्हा ते तुकड्यातुकड्याने पेटवलं तर आग बुटकी राहते, झाडांच्या शेंड्यांना पोचत नाही आणि बऱ्याचदा रात्री आपसूक विझते. ते नाही केलं, तर हेच गवत ऑक्टोबरात खडखडीत वाळून उभं असतं आणि पावसाआधीची कोरडी वीज त्यावर पडते. त्या आगीला आवरणारं कुणी नाही. ती मोठी झाडं, घरटी, ओढ्याकाठची दाट राई सगळं घेऊन जाते, आणि कड्यांच्या पायथ्याशी पेटली तर तिथली चित्रंही काजळतात. म्हणून वनरक्षक आणि जमिनीचे मालक मिळून आधीच काडी लावतात : कुठे चालत, कुठे गाडीतून, दुर्गम भागात हेलिकॉप्टरमधून.

आपलं वनखातंही उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं. काकाडूत रेषेऐवजी गोधडी दिसते : यंदा जळलेला तुकडा, त्याला लागून न जळलेला, पलीकडे गेल्या वर्षीचा. कोवळी पालवी खायला वॉलबी जळल्या तुकड्यावर येतात, लपायला शेजारच्या गवतात जातात. आणि आग दिसली की घारी जमतात. अगदी आपल्या गावावर घिरट्या घालते तीच जात. पळणारे टोळ, सरडे टिपायला. तिथले लोक तर सांगतात, की घार जळती काटकी उचलून पुढच्या गवतात टाकते आणि नवी आग लावते. पक्षिशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये अशा साक्षी एकत्र करून शोधनिबंध लिहिला.

ही पद्धत मध्ये मोडली होती. विसाव्या शतकात माणसं मिशनांत आणि गुरांच्या गोठाणांवर गेली, रान ओस पडलं, आणि उशिराच्या मोठ्या आगी वाढल्या. त्यात भर म्हणून म्हशी! एकोणिसाव्या शतकात वसाहतींसाठी आशियातून आणलेल्या म्हशी मोकाट सुटल्या, पाणथळी तुडवून त्यांनी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत यायला वाट करून दिली. गुरांच्या क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेत १९८०च्या दशकात त्या मोठ्या संख्येने मारल्या गेल्या, तेव्हा कुठे कमळं आणि बदकं परतली. म्हैस म्हटली की आपल्याला दूध आठवतं. तिथल्या वनरक्षकाला आठवतं ते वेगळंच.

आग जास्त झाली तरी नुकसान होतंच, हेही सांगायला हवं. वालुकाश्माच्या पठारावर एक शेंदरी-निळा नाकतोडा असतो. उग्र वासाच्या ठरावीक झुडपांवर तो जगतो आणि फारसा हलत नाही. ती झुडपं वरचेवर जळली की तो त्या भागातून जातो आणि लवकर परतत नाही. बिनिंज लोकांच्या लेखी हे नाकतोडे म्हणजे विजेचा देव नामार्गॉन याची लेकरं. पावसाआधीचा गुनुमेलेंग ऋतू लागला की ती बापाला शोधायला बाहेर पडतात. (त्यांचे ऋतूही आपल्यासारखेच सहा.)

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर या बापापाशीच आहे. बुरुंगकुय इथल्या खडकावर नामार्गॉन पांढऱ्या रंगात उभा आहे : अंगाभोवती विजेचं कडं, कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी, ढग फोडायला. आज दिसणारं हे चित्र नाजोम्बोल्मी नावाच्या नामांकित चित्रकाराने १९६४च्या सुमारास नव्याने रंगवलं. अजिंठ्याला जी माणसं रंगवत होती ती शतकांपूर्वी गेली, लेणी ओस पडली. म्हणून आपण तिथे मागे राहिलेलं जपतो, आणि तेच योग्य. काकाडूत चितारी परवापर्यंत हयात होता. ज्याचा हक्क आहे त्याने, ज्या गोष्टीचा अधिकार आहे तीच, जुन्या रेषेवर पुन्हा काढायची. तिथे चित्र काढणं हीच मोठी गोष्ट, पूर्ण झालेल्या चित्राचं मोल त्यानंतर. यात मला खोडसाळपणा दिसत नाही. उलट १९६४ला त्याला त्या खडकाला हात लावू दिला नसता, तर ते मोडतोड म्हटलं असतं.

सगळीच चित्रं अशी नवी नाहीत. उबिरच्या कड्यावर पट्टेवाल्या थायलसिनचं चित्र आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी नाहीसा झाला, तेव्हा चित्र त्याआधीचंच. तिथून जवळच खिशात हात घातलेला गोरा माणूसही रंगवलाय! बारामुंडी मासा काढला, की आतली हाडं, आतडी दिसतील असा. उंच छताखाली, जिथे शिडीनेही पोचणं कठीण, तिथली चित्रं मिमी नावाच्या सडपातळ आत्म्यांनी काढली. त्यांनी खडक खाली ओढला, रंगवला आणि परत वर ठेवला, असं सांगतात. समुद्राची पातळी वाढून खाड्या आत आल्या तसे चित्रांत मासे वाढले, आणि गोड्या पाण्याच्या पाणथळी तयार झाल्यावर मॅगपाय हंस आले. अशी नोंदवलेली चित्रस्थळं पाच हजारांवर आहेत. उद्यानाने वेढलेल्या माजेदबेबे या कपारीत माणसाच्या वस्तीच्या खुणा ६५,००० वर्षांमागे नेणारं संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ती कपार जाबिलुका या युरेनियम साठ्याच्या खाणपट्ट्यात येत होती. त्या जमिनीच्या मालक असलेल्या मिरार कुळाने ती खाण चालू दिली नाही. १९९८ मध्ये महिनोन् महिने वाट अडवली. शेजारची रेंजर खाण मात्र २०२१ पर्यंत चालली.

तिथे मालकांचा शब्द चालतो, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा काही वाटा बंद दिसतील, काही ठिकाणी फोटो काढू नका अशी पाटी दिसेल. कारण विचारलं तर सगळं सांगतीलच असं नाही. काही गोष्टी पाहुण्यांसाठी नसतात. गनलॉम धबधब्याच्या वरची पायवाट पुरुषांच्या एका पवित्र स्थळाला खेटून, आवश्यक परवाना न घेता उद्यानाच्याच प्रशासनाने बांधली. २०१९ मध्ये ते ठिकाण बंद झालं आणि प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आता तुमच्या नाताळचं. जाऊ नका, असं म्हणत नाही, पण डिसेंबर म्हणजे गुनुमेलेंग संपून पावसाळा लागण्याचा काळ. घामाने जीव नकोसा होतो, जिम जिम आणि ट्विन धबधब्यांचे कच्चे रस्ते बंद असतात, पुढे पाणी चढलं की उबिरचाही रस्ता तुटतो. तेव्हा धबधबे ऐन भरात असतात, पण ते छोट्या विमानातून पाहावे लागतात. विजांचा खेळ पाहायचा असेल तर हाच मोसम. बाकी सगळ्यासाठी मे-जून बरा. आपल्या उन्हाळी सुट्या तेव्हा असतात, आणि तिथे हवा थंडावलेली असते. डार्विनला विमानाने उतरून मोटारीने पूर्वेला जाबिरू गावापर्यंत अडीचशे किलोमीटर, सुमारे तीन तास. कूइंडाहून यलो वॉटर या पाणथळीवर पहाटेची नावफेरी घ्या; काळ्या मानेचा करकोचा दिसला तर ओळख पटेल, तो आपल्याकडेही असतो.

मगरींचं हसण्यावारी नेऊ नका. १९७१ला शिकारबंदी झाल्यापासून खाऱ्या पाण्यातल्या मगरी पुन्हा भरपूर झाल्यात, आणि नावात खारं पाणी असलं तरी त्या गोड्या पाण्यात, पुरासोबत कुठेही पोचतात. पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर लांब राहायचं, आणि पाटी नसली म्हणून मगर नाही असं समजायचं नाही. ईस्ट ॲलिगेटर नदीवरच्या काहिल्स क्रॉसिंगला भरतीच्या वेळी मासे खायला त्या रांगेने येतात. वरच्या पाहणीमंचावरून बघा. नदीचं नाव ॲलिगेटर असलं तरी तिथे ॲलिगेटर नाही. १८२०च्या सुमारास किनारा मोजणाऱ्या फिलिप पार्कर किंगने मगरींनाच ॲलिगेटर समजून नाव दिलं. आणि मे-जूनमध्ये रस्त्याकडेला धूर दिसला तर अग्निशमन दलाला फोन करू नका. आधी बोवाली इथल्या माहिती केंद्रात विचारा, त्या दिवशी कुठे जाळायचं ठरलंय.