वयात येणाऱ्या मुलामुलींच्या शरीरातील पेशी

बडोद्याच्या वाडी भागात गायकवाडांच्या काळापासून राहत आलेली मराठी कुटुंबे आहेत. तेथे काय किंवा सातारा-नाशिककडील खेड्यात काय, मुलीला पहिली पाळी आली की ‘मुलगी शहाणी झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. या शब्दांत माया आहे. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता ते थोडे घाईचे आहेत. त्या दिवशी मुलीच्या शरीराची घडण पूर्ण झालेली नसून ती अर्ध्यावर असते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बडोदे संस्थानात बालविवाहास आळा घालणारा कायदा केला, तेव्हा मुलींसाठी बारा व मुलांसाठी सोळा वर्षांची मर्यादा ठरविली. त्या काळी एवढेही धाडसाचेच होते. आज हीच मर्यादा अनुक्रमे १८ व २१ वर्षांची आहे. बारा ते अठरा या सहा वर्षांत शरीराच्या आत काय घडते, हे पालकांनी व शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे.

या बदलांचा प्रारंभ मेंदूच्या तळाशी होतो. तेथून मिळालेल्या सूचनेने वाटाण्याएवढी पोष ग्रंथी कार्यरत होते आणि तिच्या प्रेरणेने मुलीच्या बीजकोशांतून व मुलाच्या वृषणांतून संप्रेरके रक्तात मिसळू लागतात. रक्त सर्वत्र पोहोचते. तथापि निरनिराळ्या ठिकाणच्या पेशी त्या आज्ञेस निरनिराळा प्रतिसाद देतात. स्नायूंचे तंतू संख्येने फारसे वाढत नाहीत, ते जाड होतात. त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात व मुरुमे येतात. मुलाच्या स्वरयंत्राची कूर्चा वाढून आवाज फुटतो. वृषणांत शुक्रपेशींची निर्मिती सुरू होते व ती पुढे चालूच राहते. मुलीची स्त्रीबीजे मात्र ती स्वतः आईच्या उदरात असतानाच तयार झालेली असतात. या वयात ती केवळ पक्व होऊ लागतात.

हाडांविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो. त्यातील पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकीवर एक रचलेल्या असतात. चळतीच्या एका अंगाच्या पेशी विभागून नव्या पेशी निर्माण करतात. दुसऱ्या अंगाच्या फुगतात, शेवटी मरतात आणि त्यांच्या जागी क्षार साठून हाड तयार होते. उंची वाढते ती अशी. मुलींच्या या वाढीचा भर मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो. म्हणूनच सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. नवलाची गोष्ट अशी की, ज्या स्त्रीमदजन संप्रेरकामुळे या वाढीस वेग येतो, त्याच्याच प्रभावाने पुढे त्या पट्ट्याचे हाड बनते व उंची थांबते. मुलांतही तसेच घडते, कारण हे संप्रेरक त्यांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असते. पाळी सुरू झाल्यानंतर मुलगी सामान्यतः आणखी ५ ते ७ सेंटिमीटर उंच होते. कमरेच्या हाडांमधील प्रसूतीचा मार्ग तर त्यानंतरही काही काळ रुंदावत राहतो. कोवळ्या वयात आलेले बाळंतपण अडण्याचा धोका अधिक असतो, त्याचे एक कारण हे आहे.

शरीर वाढले की रक्तही वाढावे लागते. हाडांतील मगजात तांबड्या पेशी अहोरात्र तयार होत असतात. प्रत्येकीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. त्यांतील हिमोग्लोबिनसाठी लोह लागते. मुलांना ते वाढत्या स्नायूंसाठी व रक्तासाठी हवे असते. मुलींना शिवाय दरमहा जाणाऱ्या रक्ताचीही भरपाई करावी लागते. लोह अपुरे पडले तरी मगजाचे काम थांबत नाही, मात्र त्यातून लहान व फिक्या पेशी बाहेर पडू लागतात. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, वर्गात पेंगते, आणि घरात तिला आळशी ठरविले जाते. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय होय.

या बाबतीत बडोदे जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. २००० साली सुरू झालेल्या कार्यक्रमात तेथील ४२६ शाळांमधून सुमारे ७० हजार मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्यात आली. प्रारंभी शेकडा ७५ मुलींत रक्तक्षय आढळला होता. सुमारे दीड वर्षाने हे प्रमाण ५३ वर आले. निम्म्याहून अधिक मुलींत तो उरलाच, हेही लपविण्याचे कारण नाही. रोज गोळी न देता आठवड्यातून एकदाच देण्यामागेही पेशींचाच विचार होता. आतड्याच्या अस्तरातील पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात. लोहाने भरलेल्या जुन्या पेशी आणखी लोह सहजी घेत नाहीत. नव्या पेशी ते घेतील, अशी त्यामागची कल्पना. पुढे साप्ताहिक गोळीचा कार्यक्रम देशभर, मुलांसाठीही, सुरू झाला. शाळेत न जाणाऱ्या मुलींना ही निळी गोळी अंगणवाडीत मिळते.

गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. जेवणालगत चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. लिंबू किंवा आवळा खाल्ल्यास वाढते. गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो. तो लोहामुळे येतो व त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु हे आधी कोणी सांगितलेले नसल्यामुळे कित्येक गोळ्या दप्तराच्या तळाशी तशाच पडून राहतात.