ग्रामसभेचे ॲप, दुसऱ्याचा कोड

प्रश्न : ग्रामसभेच्या तेंदू-बांबूच्या हिशेबासाठी आणि वनहक्क क्षेत्राच्या नकाशासाठी केलेले ॲप मुक्तस्रोत म्हणून इतर ग्रामसभांना द्यायचे आहे. त्यात बाहेरचा कोड जोडला आहे. परवान्याचे काय पाहावे? (वाचक, जि. गडचिरोली)

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती ठरते, नक्कल, फेरफार आणि वितरणाचे हक्क तिच्या मालकाकडे असतात. गिटहबवर कोड उघडा दिसतो, एवढ्याने तो उचलण्याची मुभा मिळत नाही. परवान्याची फाइलच नसेल तर तो कोड सोडून द्यावा.

एमआयटी आणि बीएसडी परवाने फारसे मागत नाहीत : मूळ कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झाले. वेबनकाशांचे लीफलेट बीएसडीखालीच आहे. अपाचे २.० मध्ये बदललेल्या फाइलींवर तशी नोंदही करावी लागते.

खरी गाठ जीपीएलशी पडते. ती समजायला गडचिरोलीत पुस्तक लागू नये. बांबू घराच्या कुडाला लागला तर टीपी (वाहतूक परवाना) कोणी विचारत नाही. ट्रक निघाला की नाक्यावर विचारतात. त्याच वाहतूक परवान्यांचे पुस्तक २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती आले. जीपीएलचा नाकाही वितरणावर असतो. नकाशे काढण्याचा क्यूजीआयएस हा प्रोग्राम जीपीएलखाली आहे. त्यात फेरफार करून ग्रामसभेने ते स्वतःच्या संगणकावर चालवले तर कोणाला काही द्यावे लागत नाही, आणि त्यात काढलेल्या नकाशालाही जीपीएल चिकटत नाही. बदललेला प्रोग्राम शेजारच्या ग्रामसभेला दिला, की त्याचा स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. एजीपीएल हा नाका अंगणातच आणतो : बदललेला कोड सर्व्हरवर ठेवून लोकांना नुसता वापरू दिला, तरी त्यांना स्रोत मिळाला पाहिजे.

परवान्यांचे आपसात जमतेच असे नाही. 'केवळ जीपीएल आवृत्ती २'चा कोड आणि अपाचे २.० चा कोड एका प्रोग्राममध्ये मिसळून वाटता येत नाही. २००७ च्या आवृत्ती ३ शी अपाचेचे जमते. म्हणून 'किंवा पुढील आवृत्ती' हे शब्द आहेत का, ते आधी शोधावे. क्यूजीआयएसच्या परवान्यात ते आहेत.

कोडबरोबर येणाऱ्या वस्तूंचे परवाने निराळे असतात. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएलखाली येते, तिचा श्रेयनिर्देश नकाशावर दिसावा लागतो. मसराम गोंडी लिपीचा नोटो फॉन्ट ॲपमध्ये घालता येतो, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही.

राहिला ग्रामसभेच्या स्वतःच्या कोडचा प्रश्न, आणि नेमका तोच विसरला जातो. नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कलम १७ नुसार सहसा मालकाचा असतो. बाहेरून काम करून देणाऱ्या प्रोग्रामरचा कोड मात्र लेखी हस्तांतरण होईपर्यंत साधारणपणे त्याचाच राहतो. हस्तांतरणाच्या कागदात मुदत नसेल तर कलम १९ पाच वर्षेच धरते, प्रदेश नसेल तर भारतापुरतेच. हा कागद झाल्याशिवाय त्या कोडवर ग्रामसभेने मुक्त परवाना लावू नये.