सोबती कोण आणि शोषक कोण?

मृगाचा पाऊस पडून वखरपाळी सुरू झाली, म्हणजे चांदूर रेल्वे तालुक्यातील शेतांत औतामागे पांढऱ्या पक्ष्यांची रांग हमखास दिसते. हा गायबगळा होय. कोणी त्यास ढोरबगळा असेही म्हणतात. एरवी तो पांढराशुभ्र असून विणीच्या दिवसांत त्याचे डोके, मान व पाठ यांवर नारिंगी झाक चढते. चरणाऱ्या गुरांच्या पावलांनी गवतातील नाकतोडे व रातकिडे उडतात आणि ते या पक्ष्यास आयतेच सापडतात. हॅरल्ड हीटवोल या प्राणिशास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळून आले की, गुरांच्या संगतीत चरणाऱ्या बगळ्यास भक्ष्य अधिक मिळते आणि त्यासाठी पावले मात्र कमी टाकावी लागतात.

यात गुरांचा लाभ कोणता? बगळा गोचीड खातो, असा समज सर्वत्र आहे. तो क्वचित गोचीड किंवा माशी टिपतो हे खरे. परंतु त्याचे पोट भरते ते गवतातील किड्यांवर. म्हणून गोठ्यातील गोचिडांचा बंदोबस्त बगळ्यावर सोपवून चालणार नाही. मात्र त्याच्यापासून गुरांचे नुकसानही काही नाही. त्याला गाईचेच आकर्षण आहे असेही नव्हे. आफ्रिकेत तो हत्ती व रानरेडे यांच्यामागे फिरतो, आणि आपल्याकडे बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आला तर ट्रॅक्टरमागे. माती किंवा गवत हलविणारे कोणीही त्यास चालते. गुरांची कुरणे वाढत गेली तसा हा पक्षी समुद्रापलीकडेही पोहोचला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याची घरटी प्रथम १९५३ साली आढळली.

एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी नाही, अशा सहवासास सहभोजिता म्हणतात. बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८७५ साली या विषयावरील आपल्या ग्रंथात पंगतीतील सोबती आणि यजमानाच्या अंगावर जगणारा शोषक यांत भेद केला. हा भेद शेतकऱ्यास ग्रंथापेक्षा झाडावर अधिक उपयोगी पडतो. कारण चुकीच्या ओळखीने निरुपद्रवी सोबती तोडला जातो आणि खरा शत्रू वाढत राहतो.

आंबा, मोह, बाभूळ यांच्या फांद्यांवर कधी कधी जाड, पट्ट्यासारख्या पानांची एक वनस्पती दिसते. ही वांडा नावाची आमरी, म्हणजेच ऑर्किड होय. तिची जाड, पांढुरकी मुळे सालीवरून पसरतात व काही हवेत लोंबतात. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साचलेली धूळ यांवर तिचा निर्वाह चालतो; झाडाचा रस ती घेत नाही. गंमत अशी की, संस्कृतातील ‘वन्दा’ हा शब्द बांडगुळासही लावला जातो, आणि वनस्पतिशास्त्रात तेच नाव या आमरीस मिळाले. तेव्हा नावावरून घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

बांडगुळाची गोष्ट अगदी निराळी. त्याची पाने हिरवी असल्यामुळे ते आपले अन्न स्वतः तयार करते. परंतु त्यासाठी लागणारे पाणी व क्षार झाडाच्या लाकडात शोषकमुळे घुसवून घेते. त्यामुळे पुढची फांदी खंगते, बहर कमी येतो आणि शेवटी ती वाळते. दोहोंची परीक्षा सोपी आहे. मूळ नखाने हळूच उचलून पाहावे. ते सालीवरून सुटले आणि खालची साल शाबूत असली, तर ती आमरी समजावी व तशीच राहू द्यावी. जोडाच्या जागी गाठ फुगलेली असून ती लाकडाशी एकजीव झालेली असेल, तर ते बांडगूळ होय.

संत्र्याच्या जुन्या झाडांवर दगडफुलाच्या जातीचे करडे-हिरवे पापुद्रे येतात. काही बागाईतदार त्यांनाच रोग समजून फवारणीवर खर्च करतात. हे पापुद्रेही झाडाचा रस घेत नाहीत. पालवी विरळ होऊन खोडावर ऊन पडू लागले की ते वाढतात. म्हणून पालवी का विरळ झाली हे पाहावे. बुंध्यापाशी साल फाटून डिंक गळत असल्यास ती डिंक्या रोगाची खूण आहे. तेथील रोगट साल खरवडून १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी.

बांडगूळ नुसते ओढून किंवा छाटून काढल्यास लाकडात राहिलेल्या भागातून पुन्हा फुटते. याकरिता जोडाच्या जागेपासून खोडाच्या बाजूस वीत-दीड वीत अंतर राखून फांदीच कापावी व कापावर बोर्डो पेस्ट लावावी. जाड फांदी किंवा मुख्य खोड असेल, तर तेवढी गाठ पटाशीने पूर्ण कोरून काढावी. हे काम फळे पिकण्यापूर्वी उरकले पाहिजे. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी ती फळे खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतो. तेथेच ते रुजते. एकाने आपली आमराई साफ केली आणि शेजारच्या धुऱ्यावरील आंब्यावर बांडगूळ तसेच राहिले, तर पुढील हंगामात बी तेथून येणारच. म्हणून लगतच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून एकाच आठवड्यात ही छाटणी करावी.